दरबारचा वकील आणि विजेचा कारखाना

आपल्या ज्ञातीच्या घरांत मुलाच्या व्यवसायाची चौकशी होते, तेव्हा डॉक्टर, इंजिनियर, मामलेदार, प्राध्यापक हे शब्द उच्चारताच ऐकणाऱ्याचे समाधान होते. त्या कामाचे स्वरूप समजावून सांगावे लागत नाही. परंतु अलीकडे मंडळाच्या वधूवरसूचक वहीत एक नवाच हुद्दा दिसू लागला आहे : "शासकीय संबंध अधिकारी, ऊर्जा कंपनी". असा एक अर्ज वाचून दाखविला गेला, तेव्हा बारामतीच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी चष्मा पुसत विचारले, "म्हणजे हा मुलगा नेमके करतो काय हो? मंत्रालयात खेटे घालतो, की पाकिटे पोचवतो?" सभेत हशा पिकला. मुलाचे वडील मात्र हसले नाहीत. ते खाली मान घालून बसले, आणि ती खाली गेलेली मान पाहूनच हा लेख लिहिण्याचे आमच्या मनाने घेतले.

प्रश्न रास्त होता. त्यातील संशयही अगदीच निराधार नव्हता. तथापि जो व्यवसाय आपली मुले पत्करीत आहेत, त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसताना त्याला नावे ठेवणे किंवा त्याचे कौतुक करणे, दोन्ही उचित नव्हे. हा इतिहास दूर कोठे शोधण्याचे कारण नाही. भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या आपल्या इंदापूर तालुक्यात आणि कऱ्हाकाठच्या बारामतीत उभे राहून पाहिले, तरी त्याची बहुतेक प्रकरणे डोळ्यांपुढे येतात.

वकिलीची जुनी परंपरा

सत्तेच्या दारी दुसऱ्याच्या वतीने बोलणारा माणूस ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पेशवाईत त्यास 'वकील' म्हणत. तो कोर्टातील वकील नव्हे. परदरबारी राहून आपल्या धन्याचे म्हणणे मांडणे, तेथील वारे कोणत्या दिशेने वाहत आहे ते पाहणे आणि तपशीलवार पत्रे लिहून ते कळविणे, हे त्याचे काम. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतला, त्या स्वारीत नाशिकचे महादेवभट हिंगणे होते. पुढे ते आणि त्यांचे पुत्र दिल्ली दरबारी मराठ्यांचे वकील म्हणून राहिले. त्यांच्या पत्रांचे दप्तर आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे आणि अभ्यासकांना त्यावरून त्या काळाची दिल्ली समजते. वकिलाने काय मिळविले यापेक्षा त्याने काय लिहून ठेवले, हे आज अधिक मोलाचे ठरले आहे. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन आहे.

बारामतीकरांस याच काळातील दुसरे उदाहरण घरचेच आहे. कऱ्हेकाठी ज्यांचा वाडा उभा आहे, त्या बाबूजी नाईकांच्या घराण्याने मोरोपंतांसारख्या कवीस आश्रय दिला. १७४० साली थोरले बाजीराव निवर्तल्यावर या नाईकांस पेशवेपद मिळावे म्हणून नागपूरकर रघूजी भोसल्यांनी साताऱ्यास खटपट केली. नाईकांपाशी सावकारीचे मोठे बळ होते. परंतु शाहू महाराजांनी वस्त्रे दिली ती नानासाहेबांस. पैसा दरबाराच्या दारापर्यंत नेतो, आतला निर्णय मात्र पैशावाचूनच्या कारणांनीही होतो, हे आपल्या गावाने तेव्हाच पाहिले आहे.

घाटमाथ्यावरचे पाणी

आता विजेकडे वळू. महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर वीज प्रथम निर्माण झाली ती सह्याद्रीच्या माथ्यावरील पाण्यापासून. डेव्हिड गॉसलिंग यांनी ही कल्पना सुचविली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. १९०४ साली जमशेटजी वारले. त्यानंतर त्यांच्या चिरंजिवांनी आणि सहकाऱ्यांनी सरकारदरबारी परवान्याचे काम पुरे केले. लंडनमध्ये भांडवल उभे राहीना, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी योजनेस उघड पाठिंबा दिला आणि संस्थानिक व देशी धनिक यांनी भाग घेतले. १९१० साली कंपनी स्थापन झाली, १९११ च्या फेब्रुवारीत याच गव्हर्नरांच्या हस्ते लोणावळ्यास कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे आंध्र खोऱ्यातील पाण्यावर भिवपुरीचे वीजघर १९२२ साली आणि मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले.

उद्योग आणि सरकार यांच्या संबंधांचे हे आपल्या भागातील पहिले मोठे प्रकरण होय. यात देशाचे हित झाले नाही असे कोणी म्हणणार नाही. कोळशाच्या धुराने काजळलेल्या गिरण्यांना स्वच्छ आणि स्वस्त शक्ती मिळाली, देशी भांडवलाला आत्मविश्वास आला. परंतु ज्या जमिनीवर पाणी साठवायचे, त्या जमिनीवरील माणसाची या व्यवहारात जागा कोणती होती?

१८९४ च्या भूसंपादन कायद्याचा सातवा भाग यासाठी पाहावा लागतो. कंपनीसाठी जमीन घ्यावयाची झाल्यास कंपनीने सरकारशी करारनामा करावा, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे करारास पक्ष दोन : एक कंपनी आणि दुसरे सरकार. कुणबी हा करारातील पक्षच नव्हे. त्याला मिळावयाची ती नुकसानभरपाई, विचारणा नव्हे. मुळशी पेट्यात सुमारे पन्नास गावांवर ही पाळी आली आणि पूर्वसूचनेवाचून शेतांत चर खणले जाऊ लागले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास आरंभ झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. बापटांस 'सेनापती' ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. 'जान किंवा जमीन' ही तेथली घोषणा. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. जमिनीचे कागदोपत्री मालक असलेले पुण्याचे कित्येक सावकार भरपाईवर राजी झाले; कसणारा मावळा तसाच राहिला.

यात कंपनीच्या प्रतिनिधींनी काही बेकायदा मिळविले असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. उलट, त्यांनी आपले काम उत्तम रीतीने केले. कायदा त्यांच्या बाजूस होता, गव्हर्नर त्यांच्या बाजूस होते, देशाभिमानाचा युक्तिवादही त्यांच्याच बाजूस होता. मुळशीचा माणूस मात्र कोणाच्याच फायलीत नव्हता.

इंदापूरकरांस वाटेल की मुळशीचे दुःख मुळशीचे, त्याचे आपणांस काय? नकाशा पाहावा. वळवणचे पाणी इंद्रायणीचे, आंध्रेचे पाणीही इंद्रायणीलाच मिळणारे, मुळशीचे पाणी मुळेचे. या साऱ्या नद्या स्वभावतः पूर्वेकडे वाहून भीमेला मिळतात, आणि भीमा येते ती आपल्या तालुक्याच्या उत्तर आणि पूर्व सीमेवरून, नरसिंहपूरला नीरेचा संगम घेत. घाटमाथ्यावर अडवून ते पाणी कोकणात सोडले गेले, ते कायमचे आपल्या खोऱ्याबाहेर गेले. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे न्यायमूर्ती बचावत यांच्या मंडळाने, १९७३ साली दिलेल्या आणि १९७६ साली अंतिम केलेल्या निवाड्यात या वळणावर मर्यादा घातली : वरच्या भीमेतून पश्चिमेकडे कोणत्याही एका वर्षी ५४.५ टी.एम.सी.हून आणि लागोपाठच्या पाच वर्षांत मिळून २१२ टी.एम.सी.हून अधिक पाणी वळवू नये. वीजघरे सुरू झाल्यावर अर्धशतकाने हा आकडा कायद्याच्या भाषेत उतरला. ते पाणी पुन्हा भीमेकडे वळवावे अशी मागणी दर दुष्काळात आपल्या भागातून उठते. मुंबईत झालेल्या बोलण्यांची किंमत दीडशे-दोनशे मैल पूर्वेला असलेल्या, त्या बोलण्यांचा मागमूसही नसलेल्या माणसाने कशी मोजावी लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस माहीत नाही.

एका रुमालातील दप्तर

येथे एक घरगुती आठवण सांगण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. सुमारे ११७ टी.एम.सी. साठ्याच्या या जलाशयाने सोलापूर जिल्ह्याचे भाग्य उजळले, आपल्याही शिवारात ऊस आणला, धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचे वीजघर उभे केले. त्याच पाण्याखाली इंदापूर, करमाळा, दौंड भागांतील गावे गेली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

आमच्या घरातील एक वृद्ध आपली भीमाकाठची काळी जमीन याच पाण्यात गमावून बसले. पर्यायी जमिनीसाठी त्यांनी केलेले अर्ज एका तांबड्या रुमालात बांधलेले असत. प्रत्येक अर्जाची पोच, तीवरचा आवक क्रमांक, तारीख, सारे शिस्तीने लावलेले. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, तेथून पुन्हा पहिल्या कचेरीत, अशी त्यांची कित्येक वर्षे गेली. एकदा एका साहेबांनी त्यांना सांगितले, "आजोबा, तुमचा अर्ज बरोबर आहे, पण चुकीच्या नियमाखाली आहे." बरोबर नियम कोणता, हे मात्र त्यांस कोणी सांगितले नाही. ते गेले तेव्हा दप्तर तसेच राहिले. आज आम्ही ते उघडून पाहतो तेव्हा वाटते, की त्यांच्यापाशी सत्य होते, कागद होते, चिकाटी होती. नव्हता तो फक्त वकील, हिंगण्यांच्या अर्थाने वकील.

म्हणूनच 'खेटे घालणारा' या शब्दावर आम्हांस हसू येत नाही. खेटे सर्वांनाच घालावे लागतात. ज्याच्यासाठी खेटे घालायला शिकलेला माणूस आहे, त्याचे काम होते.

दाभोळचा धडा

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने वीज हा मुख्यतः सरकारी मंडळांचा विषय झाला. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आले आणि पुढची तीस वर्षे विजेच्या क्षेत्रात खासगी कंपनीच्या दरबारी वकिलाला, मुंबईतील जुन्या कंपन्या सोडल्यास, फारसे काम उरले नाही. १९९१ नंतर दारे पुन्हा उघडली आणि रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळचे प्रकरण घडले. ते सर्वांस ऐकून ठाऊक आहे. आम्ही केवळ आपल्या विषयापुरते सांगतो.

अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीने २० जून १९९२ रोजी विद्युत मंडळाशी समझोतापत्रावर सही केली. स्पर्धेने निविदा मागविल्या गेल्या नाहीत. इतकी महाग वीज मंडळाला पेलणार नाही, असे जागतिक बँकेने १९९३ साली लेखी कळविले. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा करार झाला. करारातील अटी लोकांपासून दीर्घकाळ झाकलेल्या राहिल्या. सरकार बदलले, ३ ऑगस्ट १९९५ रोजी नव्या मंत्रिमंडळाने प्रकल्प रद्द केला. थोड्याच महिन्यांत पुन्हा बोलणी झाली आणि १९९६ साली तो नव्या अटींवर जिवंत झाला. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. दोन वर्षांत विजेचे बिल मंडळाला पेलेनासे झाले, २००१ साली करार मोडला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मूळ कंपनीनेच अमेरिकेत दिवाळे काढले. राज्याने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने निर्णयप्रक्रियेतील दोषांवर कठोर ताशेरे ओढले.

या कंपनीच्या एक उपाध्यक्षा लिंडा पॉवर्स यांनी १९९५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या संसदेतील समितीपुढे सांगितले, की भारतीयांस या विषयाचे 'शिक्षण' देण्यात आणि प्रकल्पाच्या जुळवाजुळवीत कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. हा एक शब्द महाराष्ट्रात फार गाजला. शिक्षण म्हणजे काय, लाच की माहितीपत्रके, यावर पुष्कळ वाद झाला. आम्ही त्या वादात पडत नाही. आमचा मुद्दा त्याहून साधा आहे. ज्या विद्यार्थ्यांस हे शिक्षण दिले गेले, त्यांत वीज जाळणारा ग्राहक नव्हता. ज्याने बिल भरायचे, त्याला करार वाचावयास मिळाला नाही. दाभोळच्या चालकांनी मंत्री जिंकले, सचिव जिंकले, दोन परस्परविरोधी पक्षांची सरकारेही एकामागून एक जिंकली, आणि तरी सारे हरले. शासकीय संबंधांच्या व्यवसायात एवढे यश आणि एवढे अपयश एकाच प्रकरणात क्वचितच सापडेल.

पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेतील गिरीश संत आणि त्यांचे सहकारी त्या काळात या कराराचे गणित मांडून दाखवीत होते. त्यांच्यापाशी ना पद होते, ना पैसा. पण आकडे होते, आणि ते उघड होते. ग्राहकाच्या बाजूने असा वकील प्रथमच उभा राहत होता.

चिपाडांची वीज

दाभोळच्या राखेतून एक चांगली गोष्ट निघाली. १९९८ च्या कायद्यान्वये १९९९ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग अस्तित्वात आला आणि २००३ च्या विद्युत कायद्याने त्याचे अधिकार पक्के झाले. आता कंपनीला दर हवा असेल तर तिने अर्ज करावा, तो वर्तमानपत्रांत प्रसिद्ध व्हावा, लोकांनी हरकती द्याव्यात, जाहीर सुनावणी व्हावी आणि आयोगाने कारणे देऊन निकाल लिहावा, अशी रीत पडली. या सुनावण्यांत एका बाजूस कंपन्यांचे शासकीय संबंध अधिकारी आणि कायदेपंडित, तर दुसऱ्या बाजूस इचलकरंजीचे प्रताप होगाडे यांच्यासारखे ग्राहकांचे प्रतिनिधी, असा सामना होऊ लागला. बंद दाराआडची कुजबुज निदान काही अंशी चव्हाट्यावर आली.

याचा प्रत्यक्ष लाभ बारामती-इंदापूरला झाला तो साखर कारखान्यांच्या वाटेने. आपल्या भागाची ऊस-परंपरा नीरा डाव्या कालव्याइतकी जुनी आहे. कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारून वालचंदनगर वसविले; तेथील यंत्रशाळेने पुढे देशभरच्या साखर कारखान्यांना यंत्रे आणि बाष्पके पुरविली. मागाहून सहकाराची लाट आली. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा ही नावे आता घरोघरी आहेत.

ऊस गाळल्यावर शंभर टनांमागे अठ्ठावीस ते तीस टन चिपाडे उरतात. कारखान्याच्या भाषेत त्यास बगॅस म्हणतात. जुन्या कारखान्यांत ती कशीबशी जाळून रस उकळण्यापुरती वाफ करीत. परंतु जास्त दाबाचे बाष्पक बसविले, तर तीच वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज निर्माण करते आणि उतरलेल्या दाबाने पुढे रसही उकळते. एकाच इंधनात दोन कामे, म्हणून तिला सहवीजनिर्मिती हे नाव पडले. गळिताचा हंगाम हिवाळ्यात आणि रब्बीचे पंपही तेव्हाच चालतात, हा योग आपल्या शेतकऱ्याला विशेष सोयीचा.

तंत्र सोपे, पण ही वीज विकावी कोणाला, किती दराने, किती वर्षांच्या कराराने, आणि कारखान्यापासून उपकेंद्रापर्यंतच्या तारांचा खर्च कोणी सोसावा? या प्रश्नांची उत्तरे यंत्रशाळेत नव्हती. ती आयोगापुढे आणि मंत्रालयात होती. आयोगाने २००२ साली चिपाडांच्या विजेचा दर ठरविणारा निकाल दिला, २००३ च्या कायद्याने अशा निर्मितीस उत्तेजन देणे हे आयोगाचे कर्तव्यच ठरविले आणि राज्याच्या २००८ च्या धोरणाने सहवीजनिर्मितीसाठी १००० मेगावॉटचे उद्दिष्ट ठेवले. यामागे १९५६ साली स्थापन झालेल्या राज्य सहकारी साखर कारखाना संघाचे आणि १९६० सालच्या राष्ट्रीय महासंघाचे कार्यालयीन काम होते. टिपणे तयार करणे, खर्चाचे तक्ते मांडणे, सुनावणीस हजर राहणे, निकालातील एखादे कलम जाचक असेल तर फेरविचाराचा अर्ज करणे, हे ते काम. त्यात छायाचित्र निघावे असे काही नसते. परंतु उसाच्या बिलातील काही रुपये अशा टिपणांतून आलेले असतात.

डिसेंबर २०२३ ची गोष्ट

साखरेचे आणि ऊर्जेचे नाते पुढे इथेनॉलने अधिक घट्ट केले. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर उसाच्या रसापासून आणि बी-हेवी मळीपासून इथेनॉल करण्यास उत्तेजन मिळाले. कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्या उभारल्या. २०२२ साली पेट्रोलमध्ये १० टक्के मिश्रण झाले आणि २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे ओढण्यात आले. कारखाना आता तीन पदार्थांचा धनी झाला : साखर, वीज आणि इंधन. पण त्यामुळे त्याचे धनी दिल्लीत अनेक झाले. साखरेसाठी अन्न मंत्रालय, इथेनॉलसाठी पेट्रोलियम मंत्रालय, उसाच्या रास्त दरासाठी कृषिमूल्य आयोग. शिवाय पुण्यास साखर आयुक्त आणि मुंबईस वीज आयोग.

७ डिसेंबर २०२३ रोजी अन्न मंत्रालयाने त्या हंगामापुरती उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास एकाएकी बंदी केली. पाऊस कमी, साखरेचे उत्पादन घटण्याचा अंदाज, भाववाढीची धास्ती, ही कारणे. गळीत ऐन भरात होते, तेल कंपन्यांशी करार झालेले होते, बँकेचे हप्ते ठरलेले होते. उद्योगाच्या प्रतिनिधींनी दिल्ली गाठली. आठवड्याभरात, १५ डिसेंबरला, सरकारने १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत सवलत दिली आणि पुढच्या हंगामासाठी २०२४ च्या ऑगस्टअखेर निर्बंध उठविले.

त्या आठ दिवसांत या व्यवसायाची कसोटी लागली. भाव कडाडू नयेत ही सरकारची चिंता खोटी नव्हती. आसवनी बंद पडू नये ही कारखान्यांची चिंताही खोटी नव्हती. अशा वेळी ओळखीचा मंत्री दारापर्यंत नेईल; आत मात्र साठ्याचे खरे आकडे लागतात. किती साखर वळविली तर बाजारात किती उरते, हे ज्याला अर्ध्या पानात लिहिता येते, त्याचेच ऐकले जाते. २०२४ साली राष्ट्रीय महासंघाच्या अध्यक्षपदी इंदापूरचे हर्षवर्धन पाटील यांची निवड झाली. ते राज्याचे सहकारमंत्री राहिलेले आणि इंदापूरचे अनेक वर्षे प्रतिनिधी. आपल्या तालुक्यातून देशाच्या साखर उद्योगाची वकिली दिल्लीपुढे मांडली जावी, याचा कोणत्याही पक्षाच्या इंदापूरकरास अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु अभिमानाबरोबर एक सावधगिरीही हवी. मुळशीत मागणारा आणि गमावणारा वेगळे होते. सहकारात मागणारा हाच उत्पादक आहे, हा मोठा फरक. तथापि जो कालपर्यंत टेबलाच्या अलीकडे बसून अर्ज करतो, तोच उद्या पलीकडे बसून त्यावर सही करतो, असेही आपल्या महाराष्ट्रात पुष्कळदा घडते. अशा वेळी सभासदाने वार्षिक सभेत उठून विचारावे, की आमच्या नावाने काय मागितले, काय मिळाले आणि त्याच्या बदल्यात काय दिले? सभासद विचारीत नाहीत, तेथे सहकारी कारखानाही हळूहळू जुन्या कंपनीसारखा होतो.

तरुण सभासदांस

आता त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या प्रश्नास उत्तर देणे शक्य आहे. हा मुलगा कायदे वाचतो, आयोगाचे निकाल वाचतो, मुदती सांभाळतो, कंपनीचे म्हणणे सरकारला समजेल अशा भाषेत आणि सरकारची अडचण कंपनीला पटेल अशा भाषेत मांडतो. सौर प्रकल्पासाठी जमीन, वाहिनीसाठी शेतातून जाणारे मनोरे, प्रदूषण मंडळाची संमती, दरनिश्चितीचा अर्ज, ही त्याची रोजची कामे. हे काम प्रामाणिकपणे करता येते. पाकिटे पोचविणारेही या व्यवसायात आहेत, जसे ते इतर व्यवसायांतही आहेत. पण पाकिटाने मिळविलेला आदेश पुढच्या पाकिटाने फिरतो, हे दाभोळनंतर कंपन्यांनाही कळून चुकले असावे.

जे तरुण या वाटेने जात आहेत, त्यांस आम्ही वडिलकीच्या नात्याने दोनच गोष्टी सांगू. पहिली : सरकारपुढे जे बोलाल, ते लिहून ठेवा आणि असे लिहा, की पन्नास वर्षांनी कोणी ते दप्तर उघडले तर तुमच्या नातवंडांस मान खाली घालावी लागू नये. दुसरी : प्रत्येक करारात, जो त्यावर सही करीत नाही पण ज्याचे शेत, पाणी किंवा बिल त्यात गुंतले आहे, असा एक तिसरा माणूस असतो. त्याला आधी जाऊन भेटा. तो बहुधा मंत्रालयात सापडणार नाही. तो भिगवणच्या पुलापाशी, पळसदेवच्या काठावर, नाहीतर लासुर्ण्याच्या शिवारात सापडेल, आणि त्याच्याही घरी कदाचित एका रुमालात बांधलेले दप्तर असेल.

मंडळाने यापुढे आणखी एक करावे, अशी आमची नम्र सूचना आहे. आपल्या ज्ञातीत कायद्याचे, विजेचे आणि महसुलाचे जाणकार आता थोडे नाहीत. त्यांनी महिन्यातून एक रविवार इंदापूर आणि बारामती येथे बसून, ज्ञातीचा असो वा नसो, येईल त्या शेतकऱ्याचा अर्ज योग्य नियमाखाली लिहून द्यावा. त्या कामाचा प्रारंभ करावयास आमच्या घरातील तांबड्या रुमालाचे दप्तर आम्ही आनंदाने मंडळाच्या स्वाधीन करू.

राहता राहिला तो वधूवरसूचक वहीतील मुलगा. त्याचे लग्न ठरल्याचे नुकतेच कळले. मुलीच्या आजोबांनी म्हणे त्याला एकच प्रश्न विचारला, "आमच्या विहिरीवरच्या विजेची तक्रार कोठे करायची?" त्याने तेथल्या तेथे अर्ज लिहून दिला, वर कलम घातले आणि खाली म्हाताऱ्यांची सही घेतली.